उजनीचा काठ : पाखरांचा आणि आपला

वाचकहो, समुद्र आपल्या इंदापूर-बारामतीपासून फार दूर. तरीही समुद्रकाठी दिसणारे कुरव पक्षी हिवाळ्यात भिगवणच्या पाण्यावर घिरट्या घालताना दिसतात. कच्छच्या रणात वीण करणारे रोहित, म्हणजे अग्निपंख, इथल्या चिखलात पाय रोवून उभे असतात. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब इथे उतरतात. समुद्र नसताना ही समुद्रकाठची गर्दी इथे कशी, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. त्याचे उत्तर उजनी धरणात आहे.

भीमेवरील उजनी धरण 1980 साली पूर्ण झाले. त्याचा एकूण साठा सुमारे 117 टी.एम.सी., म्हणजे सुमारे 117 अब्ज घनफूट. पाणी मागे दूरवर पसरले. पळसदेवासारखी गावे बुडाली, माणसे उठली, सुपीक जमिनी गेल्या. हे दुःख विसरून पाखरांचे कौतुक करणे बरे नव्हे. पण त्याच पाण्याने एक नवा काठ घडवला. इथली भूमी सपाट आहे. त्यामुळे उन्हाळ्याकडे पाणी थोडेसे उतरले, तरी काठाचा मोठा पट्टा उघडा पडतो. तिथे मऊ गाळ, उथळ पाणी आणि त्यात किडे, शेवाळ, बारीक जीव. पाखरांच्या दृष्टीने हे वाढलेले ताटच!

रोहित पक्ष्याचे जेवण पाहण्यासारखे असते. तो डोके उलटे करून चोच पाण्यात बुडवतो. जिभेने पाणी आत ओढतो आणि बाहेर टाकतो. चोचीच्या कडेला असलेल्या दातेरी चाळणीत बारीक जीव अडकतात. त्या खाद्यातील रंगद्रव्यामुळेच त्याच्या पंखांना गुलाबी झाक येते. ही चाळणी खोल पाण्यात चालत नाही. ज्या वर्षी धरण उशिरापर्यंत भरलेले राहते, त्या वर्षी काठ उघडा पडत नाही आणि रोहितही कमी दिसतात. शेतकऱ्याला भरलेले धरण हवे, रोहिताला उतरलेले! यात दोष कुणाचाच नाही. पण पाखरे का आली नाहीत, याचे कारण आपल्याला ठाऊक असावे.

चित्रबलाकाची गोष्ट निराळी. हा परदेशी पाहुणा नव्हे. भिगवणजवळच्या भादलवाडी तलावातील बाभळींवर तो वसाहत करून घरटी बांधतो. त्याला दोन गोष्टी लागतात : पाण्याने वेढलेले झाड आणि जवळपास मासळी. तलाव आटला की झाडाखालचे संरक्षण जाते, आणि पाखरे वसाहत सोडतात. तेव्हा काठावरची काटेरी बाभूळ आणि तलावातले थोडे पाणी, एवढ्यावर शेकडो पिलांचे जगणे अवलंबून असते. सरपणासाठी ती बाभूळ तोडण्यापूर्वी एवढे मनात आणावे.

आता माणसांकडे वळू. कुंभारगाव, डिकसळ या बाजूचे मासेमार पिढ्यान् पिढ्या पाणी ओळखणारे. पाखरे कुठे उतरतात, कोणत्या वेळी उडतात, हे त्यांना पुस्तकावाचून कळते. त्यांच्यातील काही जण आता पाहुण्यांना होडीतून पाखरे दाखवतात, आणि गावात राहण्याजेवणाची सोय होते. जाळ्यातील मासळी कमी झाली, तरी जिवंत पाखराने घरात दोन पैसे येऊ लागले. ज्याला पाखरू जगल्याचा लाभ, तोच त्याचा खरा राखणदार!

हीच गोष्ट कोकणात घडली. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावी समुद्री कासवांची अंडी माणसे आणि कुत्री खाऊन टाकीत. 2002 साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ती अंडी कुंपणात सुरक्षित ठेवायला सुरुवात केली. पिले समुद्रात सोडली जाऊ लागली. पुढे कासव महोत्सवाला माणसे येऊ लागली, गावातील घरे त्यांना निवारा देऊ लागली. आपल्याकडेही कडबनवाडी आणि शिर्सुफळ येथे वनखात्याने 2024 साली गवताळ रानाची सफारी सुरू केली, तिथेही वाट दाखवणारे गावचेच. सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा राखला जातो. काठ असो की माळ, धडा एकच.

पण अडचणीही खऱ्या आहेत. पाणी उतरले की ज्यांच्या जमिनी बुडाल्या, ते शेतकरी उघड्या गाळात गाळपेर करतात. त्यांना मनाई करणे अन्यायाचे होईल. मात्र पाण्यालगतचा शेवटचा पट्टा तसाच मोकळा सोडता येईल. तिथे फाटकी जाळी टाकू नयेत. पाखराच्या पायात ती अडकतात. बारीक आसाची जाळी अंगठ्याएवढी पिलेही उचलतात. मग मासेमाराचेही पुढचे वर्ष कोरडे, चित्रबलाकाचेही. होडी पाखरांच्या थव्यात घुसवू नये. पाहुणा जवळून छायाचित्र मागेल, पण थवा उठला की तो उद्या दुसरीकडे जाईल, आणि तुमचा धंदाही त्याच्यामागे जाईल.

एक अडचण मात्र गावाच्या हातची नाही. पुण्या-पिंपरीचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि तिथून उजनीत येते. त्या पाण्याने जलपर्णी आणि शेवाळ माजते, रात्री पाण्यातील प्राणवायू घटतो, मासळी मरते. त्याचा जाब वरच्या शहरांना विचारलाच पाहिजे. एकट्याने नव्हे, काठच्या ग्रामपंचायतींनी एकत्र येऊन.

शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्याकडे एक सोपे काम आहे. शाळेत एक वही ठेवा. दर आठवड्याला मुलांनी काठावर जाऊन पाण्याची खूण, दिसलेली पाखरे आणि त्यांची अंदाजे संख्या त्यात लिहावी. प्रारंभी मुलांची मोजणी चुकेल. पुढे हात बसेल. पाच वर्षांत त्या वहीतून तुमच्या गावच्या काठाचा इतिहास तयार होईल. ग्रामसभेत ‘पाखरे कमी झाली’ असे नुसते म्हणण्यापेक्षा ‘अमुक वर्षी इतकी, यंदा इतकी’ असे दाखवणे अधिक वजनदार ठरते.

नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वरचे पाणीही बंधाऱ्याचेच. 1986 साली ते अभयारण्य झाले, आणि 2020 साली राज्यातील पहिले रामसर स्थळ म्हणून त्याची नोंद झाली. माणसाने अडवलेले पाणी पाखरांचे घर होऊ शकते, याचा तो पुरावा आहे. उजनीच्या काठाचे पुढे काय व्हायचे, ते मात्र या काठावर राहणारेच ठरवतील.