चौकटींकडून त्रिकोणांकडे

‘स्टारक्राफ्ट’ हा संगणकावरचा खेळ १९९८ साली निघाला. त्याचा पुढचा भाग, ‘स्टारक्राफ्ट दोन’, २०१० साली आला. दोन्ही कॅलिफोर्नियातील ब्लिझर्ड एंटरटेनमेंट या कंपनीचे. खेळाची कल्पना विज्ञानकथेतली आहे. दूरच्या ग्रहांवर माणसांचे वंशज, कीटकांसारखे झर्ग आणि तंत्रज्ञानात पुढारलेले प्रोटॉस यांच्यात लढाई चालते. खेळणाऱ्याने खनिजे आणि वायू गोळा करायचे, त्यातून इमारती व सैन्य उभे करायचे आणि प्रतिस्पर्ध्यावर मात करायची. बुद्धिबळासारखी येथे पाळी नसते. दोघेही एकाच वेळी खेळत असतात आणि घड्याळ कोणासाठीही थांबत नाही.

हा दुसरा भागही आता जुना झाला. २०१७ पासून त्याचा बराचसा भाग विनामूल्य मिळतो आणि २०२० साली कंपनीने त्यात विक्रीसाठी नवी भर घालणे थांबवले. तरीही शिक्षकांनी त्याकडे पुन्हा पाहावे असे मला वाटते. त्यातली लढाई आपण बाजूला ठेवू. एक छोटासा प्रश्न घेऊ. शंभर सैनिकांना एकदम ‘तिकडे जा’ असे सांगितले, तर प्रत्येक सैनिक आपली वाट कशी शोधतो? या प्रश्नाचे उत्तर नववी-दहावीच्या भूमितीतून जाते आणि शेवटी आपल्या परभणी जिल्ह्यातल्या पर्जन्यमापकापाशी येऊन पोचते.

वाट शोधायची कशी?

समजा, आपल्याला जिंतूरहून गंगाखेडला जायचे आहे. जिंतूरहून एक रस्ता येलदरीकडे जातो, एक औंढ्याकडे, एक परभणीकडे. नकाशा पाहताना आपण येलदरीच्या रस्त्याचा विचारही करत नाही, कारण तो उत्तरेला जातो आणि गंगाखेड दक्षिणेला आहे. संगणकाला मात्र हा शहाणपणा शिकवावा लागतो. पीटर हार्ट, निल्स निल्सन आणि बर्ट्रम राफाएल या तिघांनी १९६८ साली त्यासाठी एक रीत मांडली. शेकी नावाच्या यंत्रमानवाला खोलीतल्या अडथळ्यांमधून वाट काढता यावी, हा त्यांचा हेतू होता. रीतीचे नाव ‘ए-स्टार’.

ती अगदी सोपी आहे. प्रत्येक ठिकाणी दोन अंतरांची बेरीज करायची. आतापर्यंत चाललेले अंतर हे पहिले आणि तेथून मुक्कामापर्यंतचे सरळ रेषेतले अंतर हे दुसरे. ज्या ठिकाणाची बेरीज सर्वांत कमी, तेथून पुढे शोध घ्यायचा. खरा रस्ता सरळ रेषेपेक्षा कधीच कमी लांबीचा नसतो. म्हणून या रीतीने सापडलेली वाट सर्वांत जवळचीच असते.

चौकटींची अडचण

१९९८च्या खेळातली भूमी आलेखाच्या कागदासारखी चौकटींत विभागलेली होती. १२८ गुणिले १२८ चौकटींचा नकाशा नेहमीचा. पण तिरप्या कडा नीट दाखवायच्या म्हणून वाट शोधताना प्रत्येक चौकटीचे १६ लहान तुकडे केले होते. म्हणजे एका नकाशात २,६२,१४४ तुकडे झाले. मोकळे मैदान ओलांडायचे तरी संगणकाला तुकड्यामागून तुकडा तपासावा लागे.

परिणाम काय झाला? सैनिक अरुंद वाटेत अडकत, एकमेकांच्या पायांत येत. एका वेळी बारांपेक्षा अधिक जणांना हुकूमही देता येत नसे. खनिज वाहणाऱ्या कामगारांची तर साखर कारखान्याच्या फाटकाशी उसाच्या बैलगाड्यांची होते तशी कोंडी होई. रचनाकारांनी यावर युक्ती काढली. खनिज आणायला जाणारे आणि घेऊन परतणारे कामगार एकमेकांच्या अंगातून आरपार जातील, अशी मुभा त्यांनी दिली! कोंडी सुटली, पण मूळ प्रश्न तसाच राहिला.

वेळेचा हिशेबही पाहा. दुसऱ्या भागात नेहमीच्या वेगाने खेळताना संगणक सेकंदाला सुमारे २२ वेळा सर्व हालचाली नव्याने ठरवतो. म्हणजे एका फेरीला सुमारे ४५ मिलिसेकंद मिळतात. झर्ग बाजूला तत्त्वतः ४०० छोटे सैनिक असू शकतात. ४५ ला ४०० ने भागले, तर एकाच्या वाट्याला सुमारे ०.११ मिलिसेकंद येतो. एवढ्या अवधीत अडीच लाख तुकडे कोण धुंडाळणार?

त्रिकोण मदतीला येतात

दुसऱ्या भागात चौकटी सोडून दिल्या. कडे, भिंती आणि इमारती यांचे कोपरे हे बिंदू मानून मोकळी जागा त्रिकोणांत विभागली. जे मैदान भरायला हजारो चौकटी लागतात, ते दोन-चार त्रिकोणांत मावते. मग ए-स्टारला चौकटीऐवजी त्रिकोणातून त्रिकोणात जायचे असते. त्रिकोणांची मालिका मिळाली की तिच्यातून जणू एक दोरी ओढून ताणायची. ताणलेली दोरी जेथे कोपऱ्याला टेकते, तेथे वळायचे.

पण दिलेले बिंदू जोडून त्रिकोण अनेक प्रकारे करता येतात. लांबट, सुईसारखे त्रिकोण गैरसोयीचे. चांगले त्रिकोण कोणते, याची कसोटी रशियन गणिती बोरिस दलोने यांनी १९३४ साली दिली. त्रिकोणाचे परिवर्तुळ काढा. त्या वर्तुळाच्या आत दुसरा कोणताही बिंदू नसेल तर त्रिकोण योग्य. (खेळात भिंतीची कड त्रिकोणाची बाजू असावीच लागते, म्हणून तेवढ्यापुरती ही अट सैल करतात.)

वर्गात ही कसोटी कोनमापकानेही घेता येईल. चार बिंदूंचा एक बहिर्वक्र चौकोन काढा. त्याचे दोन त्रिकोण करायला दोन कर्ण उपलब्ध आहेत. त्यांपैकी कोणता घ्यावा? ज्या कर्णाच्या दोन्ही बाजूंच्या समोरासमोरच्या कोनांची बेरीज १८० अंशांपेक्षा कमी भरते, तो. बेरीज बरोबर १८० आली तर चौकोन चक्रीय आहे आणि कोणताही कर्ण चालेल. चक्रीय चौकोनाचे प्रमेय पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याने ‘याचा उपयोग काय?’ असे विचारले, तर हे एक उत्तर आहे.

वाट ठरली, तरी शेजाऱ्याला धडकायचे नाही हे उरतेच. त्यासाठी क्रेग रेनॉल्ड्स यांनी १९८७ साली मांडलेल्या नियमांसारखे नियम वापरतात. फार जवळ जाऊ नये, शेजाऱ्यांच्या दिशेने चालावे, थव्यापासून दुरावू नये. हिवाळ्यात ज्वारीवर उतरणारे भोरड्यांचे थवे पाहिले असतील, तर पुढारी नसताना थवा कसा वळतो हे वेगळे सांगायला नको.

तेच त्रिकोण, पण पावसाचे

आता खेळातल्या कोपऱ्यांच्या जागी पर्जन्यमापक आहेत असे समजा. ते जोडून दलोने यांच्या कसोटीचे त्रिकोण करा. प्रत्येक बाजूचा लंबदुभाजक काढा. एका त्रिकोणाचे तिन्ही लंबदुभाजक परिवर्तुळाच्या केंद्रात मिळतात. शेजारशेजारच्या त्रिकोणांची ही केंद्रे जोडली की प्रत्येक पर्जन्यमापकाभोवती एक बहुभुज तयार होतो. बहुभुजातल्या कोणत्याही शेताला तोच पर्जन्यमापक सर्वांत जवळचा असतो. अमेरिकेच्या हवामान खात्यातील थीसन यांनी १९११ साली पावसाची सरासरी काढण्यासाठी हे बहुभुज वापरले. जलशास्त्रात आजही ते त्यांच्याच नावाने ओळखले जातात.

त्यांची गरज काय? समजा, १०० चौरस किलोमीटरच्या भागात तीन पर्जन्यमापक आहेत. त्यांच्या बहुभुजांचे क्षेत्रफळ ५०, ३० आणि २० चौरस किलोमीटर, आणि नोंदलेला पाऊस अनुक्रमे २०, ४० आणि ७० मिलिमीटर. साधी सरासरी ४३.३ मिलिमीटर येते. क्षेत्रफळाप्रमाणे वजन दिले तर १० + १२ + १४, म्हणजे ३६ मिलिमीटर. एकाच पावसाच्या दोन उत्तरांत सात मिलिमीटरांचा फरक पडला.

मराठवाड्यात हा फरक कागदावर राहत नाही. २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस ही अतिवृष्टीची खूण धरली जाते आणि ती नोंद महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावरून पाहिली जाते. मंडळाची सीमा प्रशासनाने आखलेली असते, बहुभुजाची सीमा अंतराने ठरते. दोन्ही एकच असतील असे नाही. मंडळाच्या टोकाला असलेल्या सोयाबीनच्या शेताला शेजारच्या मंडळाचा पर्जन्यमापक अधिक जवळ असू शकतो. पाऊस पडतो एका आकड्याच्या जवळ आणि नुकसान मोजले जाते दुसऱ्या आकड्याने.

अर्थात जवळचा मापक म्हणजे खरा पाऊस, असेही नाही. वळवाचा पाऊस नाल्याच्या अलीकडे पडतो आणि पलीकडे नाही. उत्तरेला जिंतूरचे डोंगर आणि दक्षिणेला बालाघाटाच्या रांगा आहेत, पण थीसन यांची रीत चढउताराची दखल घेत नाही. ती एवढेच सांगते, की अंतराखेरीज दुसरे काही ठाऊक नसेल तर कोणत्या नोंदीवर किती भार टाकावा. मापक दाट बसवले तर बहुभुज लहान होतात आणि चूकही कमी होत जाते.

वर्गात करून पाहण्यासारखे

जिल्ह्याचा नकाशा कागदावर उतरवून घ्या. परभणी, जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम आणि पूर्णा ही नऊ तालुक्यांची ठिकाणे बिंदूंनी दाखवा. त्रिकोण करा, प्रत्येकाचे परिवर्तुळ काढून कसोटी घ्या, मग लंबदुभाजकांवरून बहुभुज आखा. त्यावर तालुक्यांच्या सीमा वेगळ्या रंगाने काढा. आपले गाव एका तालुक्यात आणि बहुभुज दुसऱ्याच ठिकाणाचा, असे किती विद्यार्थ्यांच्या बाबतीत होते ते मोजा. आलेखाच्या कागदावर चौरस मोजून क्षेत्रफळे काढा आणि एखाद्या दिवशीच्या वर्तमानपत्रातील पावसाचे आकडे घेऊन दोन्ही सरासऱ्या काढून पाहा.

हे करायला संगणक लागत नाही. कंपास, पट्टी आणि पेन्सिल पुरते. वर्गात कोणी ‘स्टारक्राफ्ट’ खेळलेले असेल, तर परिवर्तुळे काढायचे काम आधी त्याच्याकडे द्यावे. सैनिक कडेने वळताना तो शेकडो वेळा पाहत आला आहे. ते का वळतात, हे त्याला आता स्वतः काढलेल्या रेषांवरून बाकीच्यांना सांगता येईल.