पाठीवरचे दप्तर

दिवाळी संपली, भाऊबीज झाली, की आमच्या बार्शीच्या एस. टी. स्टँडवर आणि रेल्वे स्टेशनवर एकच गर्दी उसळते. पुण्या-मुंबईला नोकरीला असलेली मुले परत निघालेली असतात. ज्याच्या त्याच्या पाठीवर एक काळी सॅक. तिच्यात अर्धी जागा ऑफिसच्या लॅपटॉपला आणि उरलेली अर्धी आईच्या चकल्यांना! हे दृश्य मी वर्षानुवर्षे पाहत आलो होतो. पण ती सॅक कशी असावी, याचा विचार करण्याची वेळ कधी आली नव्हती. आमच्यासारख्या मराठीच्या प्राध्यापकाच्या खांद्याला एक शबनम पिशवी असली, की त्याचा संसार भागतो. गेल्या वर्षी मात्र ती वेळ आली, आणि माझ्याच चुकीने आली.

आमची थोरली कन्या (घरात तिला सगळे ताई म्हणतात) इंजिनिअर झाली आणि पुण्याच्या एका कंपनीत लागली. कारखान्यांना यंत्रे पुरवायची, ती बसवून द्यायची आणि बिघडली तर धावत जायचे, असा त्या कंपनीचा व्यवसाय. महिन्यातले दहा-बारा दिवस फिरती. आज नागपूर, तर परवा अहमदाबाद. कंपनीने तिला लॅपटॉप दिला, पण तो न्यायचा कशातून ते मात्र तिच्यावरच सोपवले. ती म्हणाली, "बाबा, मी एक चांगली सॅक घेते."

मी म्हटले, "छे! सॅक म्हणजे शाळकरी पोरांचे दप्तर. तू आता साहेब झालीस. चारचौघांत शोभेल अशी हातबॅगच हवी."

"अहो बाबा, मी कारखान्यात जाणार आहे, सत्कार समारंभाला नाही!"

पण लेकीची पहिली नोकरी, आणि बापाची हौस. मी एक तपकिरी, पितळी कुलपाची, चकचकीत हातबॅग आणली. सौभाग्यवतीने ती उचलून पाहिली आणि एवढेच म्हणाली, "रिकामीच एवढी जड आहे?" मी ते ऐकून न ऐकल्यासारखे केले. ताईने बॅग घेतली, मला वाकून नमस्कार केला आणि ती पुण्याला गेली.

तीन आठवड्यांनी, आषाढातल्या एका पहाटे, भर पावसात ती कुठल्याशा गावी बसमधून उतरत होती. एका हातात माझी हातबॅग, दुसऱ्या हातात कपड्यांची बॅग. पायरी ओली होती. पाय सरकला. धरायला दांडी होती, पण दांडी धरायला हात नव्हता. पडताना तिने लॅपटॉप वाचवला आणि मनगट मोडून घेतले.

हे आम्हांला कळले चौथ्या दिवशी. ती हात गळ्यात बांधून घरी आली तेव्हा. "बाबांना वाईट वाटेल," म्हणून तिने फोनवर सांगितले नव्हते. वाचकहो, त्या रात्री मला झोप आली नाही. बॅग शोभिवंत होती खरी. पण शोभा कोणाची, हा प्रश्न मी तिला विचारलाच नव्हता.

त्या जागरणात मला माझ्या वडिलांची फार आठवण झाली. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. जुन्या बार्शीकरांना सांगायला नको, पण इतरांसाठी सांगतो : आमच्या गावाला तेव्हा बार्शी लाईट रेल्वे होती. १८९७ साली ती सुरू झाली. तिच्या रुळांमधले अंतर अवघे अडीच फूट, तर कुर्डुवाडीहून पुण्या-मुंबईकडे जाणाऱ्या मोठ्या गाडीचे साडेपाच फूट. त्यामुळे बार्शीचा माणूस पुण्याला निघाला, की कुर्डुवाडीला त्याने उतरलेच पाहिजे, आणि सगळे सामान एका गाडीतून काढून दुसरीत चढवलेच पाहिजे. ट्रंक, वळकटी, तुपाची बरणी, ज्वारीचे पोते, सगळे. मी १९९९ साली एम. ए.ला पुण्याला निघालो तेव्हा अण्णांनी माझी लोखंडी ट्रंक उघडून त्यातली निम्मी पुस्तके बाहेर काढली होती. मी रागावलो. ते शांतपणे म्हणाले, "जे सामान कुर्डुवाडीला एकट्याला हलवता येत नाही, ते घरातून निघताच कामा नये."

आता कुर्डुवाडीला गाडी बदलावी लागत नाही. २००८ साली आमचा मार्ग रुंद झाला आणि लातूरहून निघालेली मुंबईची एक्स्प्रेस आता थेट जाते. पण गाडी बदलायची गरज संपली, तशी अण्णांची परीक्षाही मी विसरून गेलो. ताईच्या बॅगेला मी ती लावलीच नाही.

या आमच्या रेल्वेचा कर्ता एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंग्रज इंजिनिअर. लहान रुळांवरून भारी माल कसा न्यायचा, हा त्याच्यापुढचा प्रश्न. त्याने मोठी सोपी युक्ती काढली. इंजिन असो, डबा असो, वाघीण असो, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडता कामा नये, असे त्याने ठरवले आणि सगळी गाडी त्या बेताने बांधली. भार समान वाटला गेला, म्हणून हलक्या रुळांनीही तो झेलला. पाठीवरच्या सॅकचे सारे शास्त्र नेमके हेच आहे. हातबॅगेचा सगळा भार एका मुठीवर आणि एका खांद्यावर पडतो, आणि शरीर नकळत दुसऱ्या बाजूला झुकते. सॅकचा भार दोन खांद्यांवर आणि पाठीवर वाटला जातो, आणि मुख्य म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. बार्शीत जन्म काढून मला हे सुचू नये, याची लाज वाटली.

मग मी अभ्यासाला बसलो. आमचा अभ्यास म्हणजे शब्दापासून सुरुवात! 'दप्तर' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. त्याचे मूळ शोधत गेले, की आपण ग्रीक भाषेतल्या कातडे या अर्थाच्या शब्दापाशी पोचतो. लिहिण्याचे कातडे, मग लिहिलेले कागद, मग ते कागद ठेवण्याची कचेरी. पुण्याच्या पेशवे दप्तरात ते कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. शेवटी तो शब्द पोरांच्या पाठीवर येऊन बसला. तेव्हा ज्या वस्तूत कचेरीचे सारे कागद मावतात आणि जी पाठीवर घेता येते, तिला दप्तर म्हणण्यात कमीपणा कसला? उलट, तोच तिचा खरा मान!

ताईचे प्लास्टर निघाल्यावर आम्ही दोघे सोलापूरला नवी पेठेत गेलो. चार दुकाने पालथी घातली. तिथे जे शिकलो, ते वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट मापाची. लॅपटॉप १५.६ इंची आहे असे म्हणतात ते त्याच्या पडद्याचे माप, तेही एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपे घेतलेले. कप्प्यात जायचे असते ते सबंध यंत्र. म्हणून लेबलावर विसंबू नका. लॅपटॉप बरोबर न्या आणि दुकानातच तो कप्प्यात घालून पाहा. तो सैल हलता कामा नये आणि चेन लावताना ओढावाही लागू नये.

दुसरी गोष्ट कप्प्याच्या तळाची. ही मला सर्वांत महत्त्वाची वाटली. आपण सॅक जमिनीवर टेकवतो ती बहुधा आदळतोच. लॅपटॉपचा कप्पा सॅकच्या तळापर्यंत गेलेला असेल, तर तो आदळा थेट यंत्राच्या कोपऱ्याला बसतो. चांगल्या सॅकमध्ये हा कप्पा तळापासून दोन-तीन बोटे वरच संपतो, झोळीसारखा अधांतरी राहतो. कप्प्यात हात घालून खाली दाबून पाहिले, की लगेच समजते. आणि हा कप्पा पाठीच्या बाजूला असावा. जड वस्तू पाठीला जितकी चिकटून, तितकी ती कमी ओढते.

तिसरी गोष्ट पट्ट्यांची. ते रुंद असावेत, आत बेताचा फोम असावा. फार मऊ फोम चार महिन्यांत बसतो. पट्टा सॅकला जिथे जोडला आहे तिथली शिलाई पाहावी. तिथे चौकोन आणि त्यात फुली अशी टीप घातलेली असली, तर शिवणाऱ्याला ओझे म्हणजे काय ते ठाऊक आहे असे समजावे. छातीवर जोडायचा छोटा पट्टा असला तर उत्तम. त्याने खांद्यावरचे पट्टे घसरत नाहीत.

चौथी गोष्ट कापडाची. दुकानदार "डेनियर" हा शब्द फार वापरतात. ९००० मीटर धाग्याचे वजन जितके ग्रॅम भरते, तितका त्या धाग्याचा डेनियर. म्हणजे आकडा मोठा तसा धागा जाड. ६०० डेनियरचे पॉलिस्टर रोजच्या वापराला चालते. १६८०चे अधिक टणक, पण जडही. विणीची घट्टाई आणि आतला लेप हेही तितकेच महत्त्वाचे. "वॉटरप्रूफ" या शब्दाला मात्र भुलू नये. कापडातून पाणी गेले नाही, तरी ते शिवणीतून आणि चेनमधून जाते. वरून घालायची पावसाळी टोपी बरोबर मिळत असेल तर ती जरूर घ्यावी.

पाचवी गोष्ट चेनची. सॅक मरते ती बहुधा चेनने! चेनला नंबर असतात. पाच नंबर, आठ नंबर, दहा नंबर म्हणजे बंद दातांची रुंदी साधारण तितके मिलिमीटर. मोठ्या कप्प्याला बारीक चेन असलेली सॅक मी बाजूला ठेवली. वळणाच्या कोपऱ्यावर चेन दहा वेळा उघडून मिटून पाहावी. अडखळली तर ती कोपऱ्यातच.

सहावी गोष्ट प्रवासाची. देशातल्या विमानात हातातल्या सामानाला साधारणतः ७ किलोची मर्यादा असते. तपासणीत लॅपटॉप बाहेर काढावा लागतो, म्हणून त्याच्या कप्प्याला वेगळी चेन हवी. पॉवर बँक मोठ्या सामानात टाकायची नसते, जवळच ठेवायची असते. आणि १०० वॉट-अवरपर्यंतची चालते. २०००० मिलिअँपिअर-अवरची नेहमीची बँक ३.७ व्होल्टने गुणली, की हिशेब ७४ वॉट-अवरचा होतो, म्हणजे ती बसते. चाकांच्या बॅगेच्या दांडीत अडकवता येईल असा आडवा पट्टा सॅकच्या पाठीला असला, तर लांबच्या स्टेशनांवर खांद्यांना विसावा मिळतो. पैसे आणि ओळखपत्र यांसाठी पाठीला टेकणाऱ्या बाजूला एक चोरकप्पा पाहावा.

शेवटची गोष्ट वजनाची, आणि ती दुकानात नव्हे, घरी तपासायची. शाळेच्या दप्तराच्या ओझ्याबद्दल आर. के. नारायण यांनी १९८९ साली राज्यसभेत भाषण केले होते. त्यानंतर यशपाल समिती झाली, तिचा अहवाल १९९३ साली आला. २०२० सालच्या केंद्राच्या धोरणात तर दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत असावे असे सांगितले आहे. नियम मुलांसाठी असला, तरी तो मोठ्यांनीही डोळ्यांपुढे ठेवायला हरकत नाही. सौ.ने ताईची भरलेली सॅक ताणकाट्याला लावली : साडेसात किलो! ताईचे वजन बावन्न. मग अण्णांसारखे मी एकेक वस्तू बाहेर काढायला बसलो. दोन जाड वह्या, जास्तीचा चार्जर, पाण्याची भरलेली बाटली. काटा साडेपाचावर आला. "पाणी स्टेशनवर मिळते," मी म्हटले. "पण चिवडा मिळत नाही," सौ. म्हणाली आणि तिने तो डबा परत आत सरकवला. त्या एका बाबतीत नियम शिथिल केला.

सॅक साधी काळी आहे. वर मोठे नाव नाही, पितळी कुलूप नाही. चोराचे लक्ष जाऊ नये, असेच तिचे रूप. किंमत माझ्या हातबॅगेहून सातशे रुपयांनी कमी.

ताई पुन्हा कामावर निघाली त्या रात्री मी तिला बार्शी टाऊन स्टेशनवर पोचवायला गेलो. मध्यरात्रीचा सुमार होता, पाऊस भुरभुरत होता. गाडी आली. डब्याच्या दाराशी एक म्हातारी गाठोडे घेऊन धडपडत होती. ताईने एका हाताने दांडी धरली, पायरीवर चढली आणि दुसरा हात खाली करून आधी गाठोडे आणि मग आजींना वर घेतले. मग वळून मला म्हणाली, "या आता बाबा, भिजताय तुम्ही."

गाडी हलली. ताईचे मनगट मी डोळे भरून पाहिले होते. ते धडधाकट होते.

वाचकहो, ही दिवाळी आटोपली की तुमच्याही घरातून कोणीतरी पाठीला बॅग लावून निघेल. तुम्ही ती विकत घेऊन देणार असाल, तर चारचौघांत ती कशी दिसेल हे शेवटी पाहा. आधी एवढेच विचारा, की मध्यरात्री, पावसात, अनोळखी स्टेशनवर आपल्या मुलाचा किंवा लेकीचा एक तरी हात मोकळा राहील ना? कुर्डुवाडी आता वाटेत लागली तरी उतरावे लागत नाही. पण प्रत्येकाच्या प्रवासात ती कुठे ना कुठे असतेच.