वाराणसीहून मेरा शिखराकडे

वाराणसी समुद्रसपाटीपासून जेमतेम 80 मीटरवर, तर नेपाळमधलं मेरा शिखर सुमारे 6,476 मीटरवर. नियोजन या फरकापासून सुरू करा. 3,000 मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी. हेच दिवस कापून स्वस्त केलेला कार्यक्रम कितीही आकर्षक वाटला तरी घेऊ नका. माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहूनही कमी असतो.

मेराची नेहमीची वाट फार तांत्रिक नाही, पण ती हिमनदीवरून जाते. क्रॅम्पॉन आणि दोराची सवय आधीच हवी. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेतला प्राथमिक अभ्यासक्रम त्यासाठी उत्तम.

हंगाम एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर. रस्त्याने गोरखपूर, सोनौली सीमा, मग काठमांडू आणि पुढे विमानाने लुक्ला, जिथून चाल सुरू होते. भारतीयांना व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र मात्र हवंच. 15 ते 65 वयाच्या प्रवाशांचं नुसत्या आधार कार्डावर भागत नाही. गर्दीच्या हंगामात लुक्लाची विमानं बऱ्याचदा काठमांडूऐवजी रामेछापहून सुटतात, म्हणून हाताशी दोन-तीन दिवस जादा ठेवा. विमा घेताना हेलिकॉप्टर-सुटका किती उंचीपर्यंत लागू आहे, ते वाचूनच सही करा.