हाताची कल्पना, कागदावरचे नाव

कारखान्यात कल्पना कोणाला सुचते आणि ती कृतीत कोण आणतो, हा प्रश्न आपल्याकडे निव्वळ तांत्रिक समजला जातो. अभियांत्रिकीचे प्राध्यापक तो व्यवस्थापनाच्या तासाला शिकवून मोकळे होतात. आणि आपल्या चळवळीतील मंडळी, यात मालकाचा फायदा आहे, आपल्याला काय त्याचे, असे म्हणून तो सोडून देतात. मला हा प्रश्न सोडता येत नाही. मी अर्थशास्त्र शिकवतो, मशीनवर कधी उभा राहिलो नाही. पण ज्या घरात मी पहिला पदवीधर झालो त्या घराची चूल मशीनवर पेटत होती.

माझे वडील औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान वर्कशॉपमध्ये ड्रिल मशीनवर होते. एका लोखंडी पट्टीला चार भोके पाडण्याचे काम त्यांच्याकडे होते. भोकांमधले अंतर सारखे नव्हते. पट्टी फिक्स्चरमध्ये, म्हणजे तिला पकडून ठेवणाऱ्या साच्यात, उलटी ठेवली तरी बसायची. आणि मग चारही भोके चुकीच्या जागी पडायची. पाळीच्या शेवटी, हात आणि डोळे दमलेले असताना, अशी चार-दोन पट्टया जायच्याच. त्यांचे पैसे पगारातून कापले जात. फोरमनचा उपाय एकच होता : ‘लक्ष दे.’

वडिलांनी लक्ष दिले, पण वेगळ्या ठिकाणी. त्या पट्टीचा एक कोपरा आधीच्याच कामात तिरका कापून येत असे. फिक्स्चरमध्ये नेमक्या त्या कोपऱ्यापाशी एक पिन ठोकली तर? पट्टी सुलटी असेल तर कापलेला कोपरा पिनेला चुकवून बसेल. उलटी असेल तर भरलेला कोपरा पिनेवर अडेल आणि पट्टी बसणारच नाही. भंगारातल्या सळईचा तुकडा घेऊन जेवणाच्या सुट्टीत त्यांनी ते करून पाहिले. त्या दुपारी एकही पट्टी वाया गेली नाही. संध्याकाळी फोरमनने पिन पाहिली आणि काढायला लावली. म्हणाला, “तू डोकं चालवू नको, मशीन चालव.”

काही महिन्यांनी त्याच जागी नवी, घासूनपुसून केलेली पिन आली, सोबत ड्रॉइंगही आले. वडिलांनी त्या ड्रॉइंगची झेरॉक्स घरी आणून मला वाचायला सांगितली. मी तेव्हा बारावीत होतो. खालच्या चौकटीत काढणारा, तपासणारा, मंजुरी देणारा असे तीन रकाने होते आणि तिन्ही भरलेले होते. सुचविणारा असा रकानाच नव्हता. कोणी नाव खोडले असते तर भांडता तरी आले असते.

आता ही पिन म्हणजे काय, ते नीट समजून घेऊ. जगभर तिला ‘पोका-योके’ म्हणतात. शिगेओ शिंगो या जपानी अभियंत्याने ही पद्धत मांडली. १९६१ साली यामादा इलेक्ट्रिक या कारखान्यात तो एक लहान स्विच पाहत होता. त्यात दोन बटणे आणि त्यांच्याखाली दोन स्प्रिंगा. जोडणी करताना एखादी स्प्रिंग घालायची राहून जाई, आणि दरवेळी कामगारांना बजावले जाई की लक्ष द्या. शिंगोने सुचवले की आधी दोन स्प्रिंगा एका लहान बशीत काढून ठेवा, मग जोडणी सुरू करा. बशीत स्प्रिंग उरली की चूक समोर दिसते. उपाय एवढाच. वडिलांच्या पिनेत आणि त्या बशीत तत्त्वतः काही फरक नाही. चूक माणसाच्या स्वभावात शोधायची नाही, कामाच्या मांडणीत शोधायची.

शिंगो आधी या पद्धतीला ‘बाका-योके’ म्हणत असे. बाका म्हणजे मूर्ख. मूर्खालाही चुकता येऊ नये अशी सोय. १९६३ साली अराकावा या मोटारीचे सांगाडे बनविणाऱ्या कंपनीच्या कारखान्यात ही सोय बसवली तेव्हा, उजवे-डावे भाग अदलाबदल होतात म्हणून ‘बाका-योके’ लावले आहे, असे एका कामगार स्त्रीला सांगितले गेले. ती रडू लागली. आपण काय एवढ्या मूर्ख आहोत, हा तिचा प्रश्न होता. शिंगोने शब्द बदलला. ‘पोका’ म्हणजे कोणाच्याही हातून नकळत होणारी चूक. आमचे व्यवस्थापनतज्ज्ञ हा शब्द रोज वापरतात; एका बाईच्या रडण्याने तो बदलला हे मात्र क्वचितच सांगतात. ज्यांना पिढ्यानपिढ्या शब्दांनीच खाली बसवले गेले, त्यांना यातला अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

‘मूर्ख’ हा शब्द कारखान्यात योगायोगाने आला नव्हता. अमेरिकेत फ्रेडरिक टेलर याने १९११ साली शास्त्रीय व्यवस्थापनावरचे पुस्तक लिहिले. कामाचा विचार कार्यालयाने करावा आणि कामगाराने ठरवून दिलेल्या हालचाली कराव्यात, ही त्याची मांडणी. बेथलहेमच्या पोलाद कारखान्यात लोखंडाचे ठोकळे वाहणारा माणूस दिवसाला साडेबारा टनांऐवजी साडेसत्तेचाळीस टन वाहू शकतो, असा त्याचा दावा होता. आणि अशा कामाला लायक माणसाची तुलना त्याने बैलाशी केली होती. फोरमनचे ते वाक्य टेलरचेच, मराठीत आलेले.

पण आपल्याकडे टेलरच्या फार आधीपासून एक कार्यालय चालू होते. विचार कोणी करायचा, हात कोणी चालवायचा, आणि हात चालवणाऱ्यांतही कोणी कोणाच्या खाली, हे तेथे जन्मानेच ठरत असे. बाबासाहेबांनी १९३६ साली दाखवून दिले की जात ही केवळ श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांचीच विभागणी आहे. याचा कारखान्यातला पुरावा त्यांच्यासमोर मुंबईच्या गिरण्यांत होता. विणकामाच्या खात्यात, गिरणीच्या बोलीत साचेखात्यात, मजुरी जास्त. पण तेथे अस्पृश्य कामगाराला मज्जाव. कारण असे सांगत, की कांडी बदलताना धोट्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढावे लागते आणि तो धोटा हातोहात फिरतो. १९२८च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हे दार उघडण्याचा आग्रह धरला, आणि १९३८ साली मनमाडला रेल्वे कामगारांपुढे बोलतानाही हा अन्याय मांडला.

येथे यंत्राच्या बाजूने पाहा. सूत तोंडाने न ओढता आपोआप ओवले जाईल असा धोटा अमेरिकेतल्या नॉर्थ्रॉप मागावर १८९०च्या दशकातच आलेला होता. तोंड लावण्याची सवय आरोग्याला वाईट, अशी ओरड परदेशातही होत होती. म्हणजे कल्पना जगात हजर होती. आमच्या समाजाला धोट्याचा विटाळ दिसला, तेव्हा त्याने धोटा बदलला नाही, माणूस बदलला. विटाळ हा यंत्रातला दोष मानला असता तर तो चार पैशांत दुरुस्त झाला असता. मालकांना खर्च नको होता हेही खरे. पण तो खर्च कोणाच्या रोजगारातून वसूल झाला, हे विसरता येत नाही.

तर कल्पनेची वाट कोठे अडते? सुचण्यापाशी ती क्वचितच अडते. जो माणूस दिवसातून पाचशे वेळा तीच पट्टी उचलतो त्याला तिचे दोष कळतातच. अडते ती त्यापुढे. करून पाहायला थोडा वेळ लागतो आणि तो जेवणाच्या सुट्टीतून चोरावा लागतो. आधी किती माल वाया जात होता आणि नंतर किती, याची नोंद लागते. ती वही सुपरवायझरच्या टेबलात. मग कागदावर आकृती लागते, आणि ती काढण्याची भाषा आयटीआयला किंवा डिप्लोमाला गेलेल्याची. भिंतीवर टांगलेली सूचनापेटी या वाटेवर काहीच करीत नाही. टोयोटाने फोर्डची पद्धत पाहून १९५१ साली कामगारांकडून सूचना घेण्याची योजना सुरू केली. अशी योजना चालते ती पेटीमुळे नव्हे. सूचना करणाऱ्याला उत्तर मिळते आणि त्याच्याच मशीनवर ती करून पाहिली जाते तेव्हा चालते.

अर्थात जपानचे गोडवे गाण्याचे कारण नाही. सातोशी कामाता या पत्रकाराने टोयोटात हंगामी कामगार म्हणून काम केले आणि १९७३ साली त्यावर पुस्तक लिहिले. पट्ट्याचा वाढत जाणारा वेग आणि माणसांचे पिळून निघणे त्यात आहे. कामगाराच्या कल्पनेने वाचलेले दहा सेकंद कोणाच्या खिशात जातात, विसाव्यात की आणखी एका नगात, हा प्रश्न योजना सुरू होण्याआधी विचारायचा असतो. आमच्या युनियनांनी बोनस आणि महागाई भत्त्यावर मोठ्या लढाया केल्या. या प्रश्नावर त्या फारशा बोलल्या नाहीत, असे मला वाटते.

कायदा थोडा उपयोगी आहे. १९७० च्या पेटंट कायद्याने खऱ्या शोधकाचे नाव पेटंटात नमूद करण्याची तरतूद केली. पण पिनेला पेटंट मिळत नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कामगार व मालक यांच्या संयुक्त समितीची तरतूद होती. ती शंभर किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांपुरती. वडिलांच्या वर्कशॉपमध्ये तेवीस माणसे होती.

म्हणून आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत गेल्या वर्षापासून रविवारी एक तास आम्ही वेगळा ठेवला आहे. स्पर्धा परीक्षेची मुले असतातच, त्यांच्यासोबत वसाहतीत कामाला जाणारी मुलेही येतात. आयटीआयचा एक विद्यार्थी आकृती काढायला शिकवतो : समोरून, वरून, बाजूने. मी नोंद ठेवायला शिकवतो. प्रत्येकाजवळ एक वही. सुचलेली गोष्ट, तारीख, मशीन, आधीच्या आठवड्यात वाया गेलेला माल, करून पाहिल्यानंतरचा माल, कोणाला सांगितले आणि तो काय म्हणाला. साहेबाकडे कागद द्यायचा तो दोन प्रतींत, आणि आपल्या प्रतीवर सही किंवा शिक्का मागायचा. मागितल्यावर एकाला दमदाटी झाली, दोघांना सही मिळाली. एका मुलीने पॅकिंगच्या टेबलाची उंची वाढवण्याची सूचना दिली होती. टेबल अजून तेवढेच आहे, पण तिची वही चालू आहे.

वडील आता निवृत्त आहेत. त्या तासाला ते मागच्या बाकावर बसतात आणि कोणाची आकृती चुकली की उठून फळ्यापाशी येतात.