जिवाणूंचा हायड्रोजन कशासाठी?

नागपुरात रोज हजार टनांहून अधिक कचरा गोळा होऊन भांडेवाडीच्या कचरा डेपोत जातो. त्यातला ओला भाग आंबवून जिवाणूंकडून हायड्रोजन मिळवता येतो. राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेने 2030पर्यंत वर्षाला 50 लाख टनांचे लक्ष्य ठेवल्यापासून अशा प्रयोगांकडे उद्याचे मोटारइंधन म्हणून पाहिले जाते. त्या मापाने हे तंत्र तोकडेच ठरेल. ओला कचरा जिरवण्याचा पहिला टप्पा म्हणून मात्र ते कामाचे आहे.

तोकडेपणाचे कारण जिवाणूंच्या चयापचयातच आहे. क्लॉस्ट्रिडियमसारखे जिवाणू प्राणवायूविना साखर तोडतात. तेव्हा सुटलेले इलेक्ट्रॉन हायड्रोजिनेज हे विकर प्रोटॉनांना जोडते आणि हायड्रोजन बाहेर पडतो. ग्लुकोजचा एक रेणू पाण्याच्या साथीने पूर्ण तुटला, तर हायड्रोजनचे 12 रेणू मिळावेत. या मार्गाने फार तर 4 मिळतात, प्रत्यक्षात बरेचदा दोनच्या आसपास. उरलेली ऊर्जा ॲसिटिक आणि ब्युटिरिक आम्लांत अडकते. शिवाय वायूत कार्बन डायऑक्साइड मिसळलेला असतो. मोटारीसाठी तो वेगळा काढण्याचा खर्च आलाच. पाण्याचे विघटन करून एक किलो हायड्रोजन मिळवायला 50हून अधिक युनिट वीज लागते हे खरे, पण त्या पद्धतीत वायू शुद्ध मिळतो.

मग सरळ बायोगॅसच का करू नये? आक्षेप रास्त आहे. बायोगॅसच्या टाकीतही आधी हायड्रोजन आणि आम्लेच तयार होतात, आणि मिथेनकारी सूक्ष्मजीव दोन्ही फस्त करतात. म्हणजे वेगळा काढलेला हायड्रोजन फुकटचा नव्हे; तेवढा मिथेन कमी होतो. अडचण वेगाची आहे. आम्लकारी जिवाणू चपळ, मिथेनकारी संथ. भाजीबाजाराचा नरम कचरा एकदम ओतला की आम्ल साचते आणि मिथेन थांबतो. दोन टाक्या केल्या तर पहिलीत सामू साडेपाचच्या आसपास ठेवून एक-दोन दिवसांत हायड्रोजन घेता येतो आणि दुसरीत आम्लांचा मिथेन होतो. दोन्ही वायू एकत्र करून इंजिनात जाळता येतात. तिथे मोटारीइतकी शुद्धता लागत नाही.

या प्रयोगासाठी नागपूर योग्य आहे. 1958मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था (नीरी) इथेच आहे, आणि तिचे संचालकपद ज्यांच्याकडे आले त्या डॉ. एस. वेंकट मोहन यांनी हैदराबादच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत (आयआयसीटी) याच विषयावर दीर्घ संशोधन केले. स्थानिक अडथळाही ओळखीचाच: संत्र्याच्या सालीतले लिमोनीन जिवाणूंना मारक असते. त्यामुळे रसवाल्यांकडची साल तेल काढून किंवा बेताने मिसळूनच टाकीत घालावी लागेल. वर्गीकरण नीट होत नाही, मग हे कसे चालेल, असे कोणी म्हणेल. घरोघरच्या कचऱ्यापुरते ते खरे आहे. म्हणून सुरुवात कळमना बाजारापासून व्हावी, जिथे भाजी-फळांचा कचरा एकाच जागी आणि बऱ्यापैकी निवडलेला मिळतो. अशा प्रकल्पाला महापालिकेने पहिला प्रश्न विचारावा तो भांडेवाडीचा किती टन भार हलका होईल हा. किती किलो हायड्रोजन मिळेल हा त्यानंतरचा.