तणनाशक तण जाळत नाही: केळी-कपाशीच्या पट्ट्यातले गैरसमज

इंदूरहून निघालेला महामार्ग बऱ्हाणपूर ओलांडून इच्छापूरला येतो आणि तिथून थोड्याच अंतरावर मुक्ताईनगरच्या बाजूने महाराष्ट्र सुरू होतो. इच्छादेवीच्या टेकडीखालचं शिवार असो की पलीकडचं रावेर, पिकं तीच: केळी आणि कपाशी. पावसाळ्यातली तणंही तीच: लव्हाळा, हराळी, केना, काँग्रेस गवत. निंदणीला माणूस मिळेनासा झाला तसं तणनाशक घरोघरी आलं. त्यातही सर्वात जास्त नाव निघतं ते ग्लायफोसेटचं, बोलण्यात राऊंडअपचं. हे औषध नेमकं करतं काय, याबद्दल मात्र जितकी माणसं तितकी मतं ऐकू येतात. माझ्या मते त्यातले बहुतेक वाद एका गोष्टीपाशी मिटतात. ती म्हणजे झाडाच्या आतलं एक विकर, म्हणजेच एन्झाइम.

सगळ्यात रुळलेली समजूत अशी, की तणनाशक तणाला जाळतं. पॅराक्वाटबद्दल ते खरं आहे. उन्हात फवारलं तर काही तासांत पान करपतं. ग्लायफोसेटचं तसं नाही. फवारल्यावर पहिले दोन-तीन दिवस लव्हाळा जसाच्या तसा हिरवा दिसतो. मग मधला, सर्वात कोवळा पाला पिवळा पडू लागतो, वाढ थांबते, आणि आठ-पंधरा दिवसांत झाड बसतं. जुनं पान शेवटी मरतं, नवं आधी. जाळणाऱ्या औषधाची ही रीत नव्हे. हे उपासमारीचं लक्षण आहे.

उपासमार कसली, ते नीट पाहण्यासारखं आहे. प्रथिनं अमिनो आम्लांची बनतात. त्यांपैकी फेनिलअलानिन, टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅन ही तीन आम्लं झाड एकाच वाटेने बनवतं. तिला शिकिमेट मार्ग म्हणतात. वाटेत सात टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्प्याला एक विकर. सहाव्या टप्प्यावरच्या विकराचं नाव लांबलचक आहे, म्हणून शास्त्रज्ञही ईपीएसपीएस एवढंच म्हणतात. ते मुख्यतः हरितलवकांत काम करतं. त्याचं काम दोन रेणू एकमेकांना जोडण्याचं: एक शिकिमेटपासून आलेला, दुसरा पीईपी नावाचा. ग्लायफोसेटचा रेणू नेमका पीईपीच्या जागेवर जाऊन बसतो, आणि जोडणी थांबते. कुलपात भलतीच किल्ली अडकून बसावी, तसं हे आहे. पुढची आम्लं बनत नाहीत आणि मागचा शिकिमेट साचत जातो. प्रयोगशाळेत पानातला हा साठा मोजूनच औषध लागू पडलं की नाही ते ओळखतात. ग्लायफोसेटचा तणनाशक गुण जॉन फ्रांझ यांनी 1970 मध्ये मोन्सँटो कंपनीत ओळखला, 1974 मध्ये ते बाजारात आलं, पण ते या विकराला अडवतं हे स्टाइनरुकन आणि अम्राइन यांनी दाखवलं 1980 मध्ये. म्हणजे औषध काही वर्षं जगभर फवारलं जात होतं आणि त्याचा घाव नेमका कुठे बसतो ते ठाऊक नव्हतं.

या वाटेवर झाडाचं किती अवलंबून असतं! ट्रिप्टोफॅनपासून वाढीचं संप्रेरक ऑक्झिन बनतं, फेनिलअलानिनपासून खोडाला ताठपणा देणारं लिग्निन. झाडाने हवेतून घेतलेल्या कार्बनचा साधारण पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त या मार्गाने जातो.

आता केळीकडे वळू. “केळीचं खोड जाड, औषध आत शिरत नाही” असं खात्रीने सांगितलं जातं. आंब्या-लिंबाच्या पक्क्या सालीबद्दल ते बऱ्याच अंशी चालेल. केळीचा खांब मात्र लाकूड नव्हे. पानांचे देठच एकावर एक गुंडाळून तो झालेला असतो, त्यामुळे हिरव्या भागावर पडलेलं औषध आत जातं. शिवाय ग्लायफोसेट अन्नरसाबरोबर वाढीच्या टोकांकडे धावतं. केळीत ती टोकं म्हणजे पोंगा आणि जमिनीतला कंद. पील मारायला म्हणून पिलावर फवारलं, तर पील आणि आई एकाच कंदाला जोडलेले असल्याने औषध आईपर्यंत पोहोचतं. हवाई बेटांवर बंची टॉप रोगाची केळी नष्ट करायला ग्लायफोसेट खोडात टोचतात, ते याच गुणामुळे: एका खोडातून केळीचं पूर्ण बेट मरतं. आपल्याकडे फवाऱ्याचा उडालेला अंश लागलेल्या झाडाचं नवं पान अरुंद, पिवळट, वेडंवाकडं येतं आणि शेतकरी विषाणूचा संशय घेतो. सीएमव्ही या विषाणूजन्य रोगाने रावेर-बऱ्हाणपूर पट्ट्यात झाडंच्या झाडं उपटावी लागली आहेत, म्हणून ही भीती खोटी नाही. तो विषाणू तणांवर टिकतो आणि मावा तो पसरवतो, म्हणून बाग स्वच्छ ठेवणंही आवश्यकच. पण रोगट झाडं विखुरलेली आहेत की फवाऱ्याच्या ओळीत आहेत, एवढं चालत जाऊन पाहिलं तरी अंदाज येतो.

औषधात मीठ, युरिया घालण्याबद्दलही बोललं पाहिजे. मिठाने विकर जास्त अडत नाही. उलट पान फार लवकर करपलं तर औषध मुळापर्यंत जाण्याआधीच वाट बंद होते. वरून तण गेलेलं दिसतं आणि लव्हाळ्याच्या गाठी जमिनीत जिवंत राहतात. प्रमाणापेक्षा जास्त औषध ओतल्यानेही हेच घडू शकतं. खरा फरक पाण्याने पडतो. गढूळ पाण्यातली माती ग्लायफोसेटला धरून ठेवते, बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियमही. जड पाण्यात आधी अमोनियम सल्फेट विरघळवलं तर उपयोग होतो, आणि स्वच्छ पाणी असेल तर तेवढंही लागत नाही. माती औषधाला धरून ठेवते म्हणूनच ते जमिनीतल्या बियांना अडवत नाही. फवारणीनंतर पंधरवड्याने नवं तण उगवलं, म्हणजे औषध बनावट होतं असं नाही.

कपाशीतला घोटाळा मोठा आहे. “बीटी आहे, फवारा बिनधास्त” हे ऐकून कुणी साध्या बीटी कपाशीवर ग्लायफोसेट मारलं तर ती मरेल. बीटीचं जनुक बोंडअळीसाठी आहे, तणनाशकाशी त्याचा संबंध नाही. ज्याला लोक चोर बीटी म्हणतात, त्या बियाण्यात दुसरं एक जनुक असतं. ते ॲग्रोबॅक्टेरियमच्या एका जातीतून घेतलं आहे. तो जिवाणू ग्लायफोसेट बनवणाऱ्या कारखान्याच्या सांडपाण्यात सापडला होता आणि त्याच्या ईपीएसपीएसची घडण अशी, की ग्लायफोसेट त्यात घट्ट बसतच नाही. या कपाशीला भारतात व्यापारी परवानगी नाही. महिको कंपनीने 2016 मध्ये परवानगीचा अर्ज मागे घेतला. 10 जून 2019 रोजी शेतकरी संघटनेने अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीर इथे ती उघडपणे पेरून सरकारला आव्हान दिलं. निंदणीचा खर्च सोसणाऱ्याचं म्हणणं मला पटतं. तरीही विनापावतीच्या पाकिटात नेमकं कोणतं बी आहे हे शेतकऱ्याला कळत नाही आणि फसगत झाली तर दाद मागायला जागा उरत नाही, हा धोका कुणी त्याला सांगत नाही.

तणनाशक सोसणारं प्रत्येक वाण जनुकबदल केलेलं असतं, हेही खरं नाही. पुसा संस्थेने 2021 मध्ये दिलेले पुसा बासमती 1979 आणि 1985 हे भात इमाझेथापायर सोसतात. तिथे विकर दुसरं, एएलएस. ते व्हॅलिन, ल्युसिन, आयसोल्युसिन बनवण्याच्या वाटेवर असतं. नगिना 22 या भाताच्या उत्परिवर्तित रोपातून तो गुण साध्या संकराने आणला आहे. सोयाबीनवर हेच औषध चालतं त्याचं कारण आणखी वेगळं: सोयाबीन ते आतल्या आत फोडून टाकतं.

माणसात ईपीएसपीएस नाही. आपण ट्रिप्टोफॅन आणि फेनिलअलानिन डाळ-भाकरीतून, दूध-अंड्यातून घेतो. यावरून ग्लायफोसेट निरुपद्रवी ठरत नाही. बाटलीत चिकटवणारी रसायनंही असतात आणि पोटात गेल्यास जीव जाऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2015 मध्ये त्याला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकलं. अमेरिका आणि युरोपच्या नियामकांचं मत वेगळं पडलं. भारतात त्याची नोंदणी चहाचे मळे आणि बिगरपीक जागांपुरती आहे, केळी-कपाशीसाठी नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्राने ते फक्त परवानाधारक कीड नियंत्रण चालकांमार्फत वापरायचा आदेश काढला.

आणि तणही गप्प बसत नाही. ऑस्ट्रेलियात 1996 मध्ये ग्लायफोसेटला न जुमानणारं राय गवत नोंदलं गेलं. अमेरिकेतल्या जॉर्जियातल्या राजगिऱ्याच्या एका रानटी भाईबंदाने तर या विकराच्या जनुकाच्या शंभरावर प्रती करून ठेवल्या: औषध जितकं अडवेल त्याहून जास्त विकर तयार. दरवर्षी त्याच रानात तेच औषध मारलं की असं झाड निवडलं जातं. म्हणून फवारणीतून वाचलेलं तण बी धरण्याआधी हाताने उपटून बांधाबाहेर काढावं, आणि पुढच्या हंगामात वखर किंवा वेगळ्या विकरावर काम करणारं, त्या पिकासाठी नोंदलेलं औषध वापरावं.