‘वय झालं, चालायचंच’ म्हणण्याआधी: अल्झायमर कसा ओळखतात, उपचार काय असतात?

आजचा एपिसोड तुमच्यासाठी आहे, पण विषय तुमच्या घरातल्या सगळ्यात ज्येष्ठ माणसाचा आहे. अल्झायमर.

हा शब्द आपण गमतीत वापरतो. मित्र पैसे द्यायचे विसरला की ‘तुला काय अल्झायमर झालाय का?’ आणि घरात आजोबा एकच प्रश्न पाचव्यांदा विचारतात, तेव्हा मात्र म्हणतो, ‘वय झालं, चालायचंच.’ मला आज या ‘चालायचंच’वरच बोलायचंय. कारण विसरण्यामागचं कारण कधीकधी पूर्ण बरं होण्यासारखं असतं, आणि ते शोधायला आपण जातच नाही.

विसरण्या-विसरण्यात फरक

चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, एखाद्याचं नाव ओठांवर येऊन अडतं आणि तासाभराने आठवतं. हे वयाप्रमाणे होतं. पण चष्मा फ्रीजमध्ये सापडणं, वर ‘मावशींनीच चोरला’ असा आळ घेणं? चाळीस वर्षं पुरणपोळ्या केलेल्या आजीला पुरण शिजल्यावर पुढे काय करायचं ते न सुचणं? रोजच्या मंडईतून घरी येताना रस्ता चुकणं, सुट्ट्या पैशांचा हिशोब न लागणं? रोजची कामं अडायला लागली की ते नुसतं विसरणं राहत नाही.

मग लोक म्हणतात, ‘अहो, पण त्यांना पन्नास वर्षांपूर्वीचं सगळं आठवतं!’ बरोबर. असं समजा, फोनमधली जुनी गॅलरी शाबूत आहे, पण नवा फोटो काढला की सेव्हच होत नाही. नव्या आठवणी साठवायला मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा भाग लागतो, आणि अल्झायमरमध्ये बहुतेक वेळा मार आधी तिथेच बसतो. म्हणून लग्नातला मेनू आठवतो, पण सकाळचा नाश्ता नाही.

हे नाव आलं कुठून?

१९०१ साली जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या रुग्णालयात ऑगस्ट डेटर नावाची ५१ वर्षांची बाई दाखल झाली. नवऱ्यावर संशय, गोंधळ, स्वतःचं नाव लिहिताना मध्येच अडकणं. तिला तपासणारे डॉक्टर होते अलॉइस अल्झायमर. १९०६ मध्ये ती वारली, तेव्हा त्यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. पेशींच्या बाहेर साचलेले थर आणि पेशींच्या आत धाग्यांचा गुंता. आज आपण त्यांना अमायलॉइड आणि टाऊ या प्रथिनांच्या नावाने ओळखतो. लक्षणं दिसायच्या कितीतरी वर्षं आधीपासून ही प्रथिनं साचायला लागतात.

आणि हो, डिमेन्शिया आणि अल्झायमर एकच नव्हे. डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, हे तापासारखं आहे. ताप आला हे कळलं, पण मलेरिया की डेंग्यू ते शोधावं लागतं. डिमेन्शियाच्या साधारण ६० ते ७० टक्के रुग्णांत कारण अल्झायमरचं असतं. बाकीच्यांत मेंदूचा रक्तपुरवठा बिघडणं वगैरे इतर कारणं असतात. भारतात साठीच्या पुढचे अंदाजे ८८ लाख लोक डिमेन्शियासह जगताहेत.

निदान कसं करतात?

एका टेस्टने ‘हो’ किंवा ‘नाही’ असं उत्तर सहसा मिळत नाही. न्यूरोलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञ टप्प्याटप्प्याने जातात.

पहिला टप्पा गप्पांचा. आणि इथे तुमची गरज लागते. कारण डॉक्टरांसमोर आजी एकदम टापटीप बोलते, ‘मला काही झालेलं नाही’ म्हणते. म्हणून आधीपासून फोनच्या नोट्समध्ये तारखेसह लिहून ठेवा: काय झालं, किती वेळा झालं, कधीपासून सुरू झालं. ही यादी डॉक्टरांच्या फार कामाची असते.

दुसरा टप्पा छोट्या चाचण्यांचा. आजची तारीख सांगा, तीन शब्द लक्षात ठेवा, घड्याळ काढून त्यात अमुक इतके वाजलेले दाखवा. शाळेत न गेलेल्या आजीला अशा चाचणीत कमी गुण मिळाले, तर तो लगेच आजार धरत नाहीत. शिक्षण आणि भाषा लक्षात घेऊनच अर्थ लावावा लागतो.

तिसरा टप्पा रक्ताचा. हा नीट ऐका. बी-१२ कमी झालं, थायरॉइड बिघडलं तरी माणूस विसरतो. शाकाहारी माणसांत आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत बी-१२ कमी होण्याची शक्यता जास्त. नैराश्य, झोपेच्या गोळ्या, काही ॲलर्जीच्या गोळ्या, एवढंच काय, कमी ऐकू येणं, यांमुळेही तसंच चित्र दिसतं.

चौथा टप्पा स्कॅनचा. एमआरआयमध्ये हिप्पोकॅम्पस आकसलाय का ते दिसतं. पण त्याआधी गाठ, पक्षाघाताच्या खुणा किंवा बाथरूममध्ये पडल्यानंतर डोक्यात साकळलेलं रक्त नाही ना, हे पाहायचं असतं. गरज पडली तर पाठीच्या कण्यातलं पाणी किंवा पेट स्कॅन. मे २०२५ मध्ये अमेरिकेत निदानाला मदत करणाऱ्या एका रक्तचाचणीला मंजुरी मिळाली. पण लक्षणं नसताना हौसेने करायची ती टेस्ट नव्हे.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. गोंधळ एक-दोन दिवसांत अचानक सुरू झाला, तर थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. तो बहुधा संसर्ग, शरीरातले क्षार कमी-जास्त होणं किंवा औषधांचा परिणाम असतो.

औषधं काय करतात?

खरं सांगतो, अल्झायमर मुळापासून बरा करणारं औषध आज नाही. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन ही औषधं आठवणीला लागणारं ॲसिटिलकोलीन हे रसायन मेंदूत टिकवून धरतात. मेमँटिन पुढच्या टप्प्यात देतात. काहींना याने काही काळ बरं वाटतं, आजार मात्र थांबत नाही. मळमळ, जुलाब, नाडी मंदावणं होऊ शकतं, म्हणून मनाने सुरूही करू नका, बंदही करू नका.

अमेरिकेत २०२३ मध्ये लेकानेमॅबला पूर्ण मंजुरी मिळाली, २०२४ मध्ये डोनानेमॅबला. ही औषधं अमायलॉइडचे थर काढतात. लेकानेमॅबच्या १८ महिन्यांच्या चाचणीत घसरण सुमारे २७ टक्के मंदावली. मंदावली, थांबली नाही. शिवाय ही फक्त सुरुवातीच्या टप्प्यातल्यांसाठी, आणि मेंदूला सूज किंवा बारीक रक्तस्राव होण्याचा धोका असल्याने वारंवार एमआरआय करावा लागतो. तेव्हा व्हॉट्सॲपवर ‘स्मरणशक्ती परत’ म्हणणारं चूर्ण आलं, तर पैसे जपून ठेवा.

मग घरी काय करायचं?

खूप काही. आजीने दहा वर्षांपूर्वी वारलेल्या आजोबांबद्दल ‘अजून आले कसे नाहीत?’ विचारलं, तर ‘अगं ते गेले’ म्हणून तिला पुन्हा पुन्हा रडवू नका. ‘ते आले की काय करायचे गं?’ असं विचारा, ती बोलत राहील. खिशात नाव आणि फोन नंबरची चिठ्ठी ठेवा. गॅसकडे लक्ष द्या. सुरुवातीच्या टप्प्यात, त्यांना समजतंय तोवर, बँकेची आणि मृत्युपत्राची कामं त्यांच्याच इच्छेने उरकून घ्या.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ पाहिला नसेल तर पाहा. डॉ. मोहन आगाशेंनी त्यात अल्झायमर झालेले संस्कृत पंडित साकारलेत. सांभाळणाऱ्या मुलीची ओढाताणही त्यात दिसते. आपल्याकडे हे ओझं बहुतेकदा आई, काकू किंवा सुनेवर पडतं. आठवड्यातून दोन संध्याकाळी तुम्ही आजोबांपाशी बसलात, तर तिला मोकळा श्वास मिळेल. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन, आणि सांभाळणाऱ्याचंच मन थकलं असेल तर टेलिमानसचा १४४१६, दोन्ही सेव्ह करून ठेवा.

रक्तदाब, मधुमेह, कान, तंबाखू, व्यायाम, माणसांत मिसळणं, यांकडे लक्ष दिलं तर धोका कमी होतो. तो विचार तुमच्या-माझ्या वयात सुरू करायचा.

तर या रविवारी घरी फोन कराल, तेव्हा ‘जेवलीस का’ विचारून ठेवू नका. थोडं जास्त बोला, नीट ऐका. काही वेगळं वाटलं तर नोट्समध्ये लिहा आणि डॉक्टरांची वेळ घ्या. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!